दोन म्हातारे

तात्सुया नाकादाई तलवार उपसतो आणि तिचं टोक जमिनीकडे सोडून देतो. खांदे सैल, मान किंचित कललेली, डोळे समोरच्या माणसाच्या पलीकडे कुठेतरी लागलेले. तलवारीच्या चित्रपटांतले पवित्रे आपल्या ओळखीचे असतात. त्यांत ललकारी असते, अंग आवळलेलं असतं. इथे आवळत जातो तो समोरचा. हा नुसता थांबून राहतो. समोरच्याला ती शांतता सोसवत नाही, तो झेपावतो आणि एका वारात संपतो. तलवारीवर तलवार आपटल्याचा आवाज होत नाही, म्हणून तिकडे याला निःशब्द पवित्रा म्हणतात. किहाची ओकामोतो यांनी १९६६ साली तोहो कंपनीसाठी केलेल्या ‘द सोर्ड ऑफ डूम’ या कृष्णधवल चित्रपटातला हा तलवारबाज, र्युनोसुके त्सुकुए.

चित्रपट सुरू होतो १८६० च्या वसंतात, दाइबोसात्सु नावाच्या डोंगरी खिंडीत. एक म्हातारा यात्रेकरू आणि त्याची नात चढ चढून वर येतात. नात पाणी आणायला खाली जाते. म्हातारा रस्त्याकडेच्या लहानशा देवळापुढे हात जोडतो आणि आपल्याला मरण दे, असं मागतो. पोरीच्या गळ्यात आपलं ओझं आहे, ते उतरू दे, एवढंच त्याचं मागणं. मागे गवती टोपी घातलेला एक माणूस उभा आहे. तो म्हाताऱ्याला पुढे बोलावतो, दुसरीकडे पाहायला सांगतो आणि कापतो. मग चालू लागतो. मुलगी पाणी घेऊन परत येते.

पुढचे दोन तास मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर कारण शोधत होते. आपल्याकडच्या गोष्टींत ते असतंच. अश्वत्थामा रात्री झोपलेल्या पोरांना कापतो, पण त्याच्या बापाला कपटानं मारलेलं आपण आधीच पाहिलेलं असतं. दुर्योधनाचं राज्य, शकुनीचा सल, कशाला ना कशाला हात लावता येतो. र्युनोसुकेच्या बाबतीत पटकथाकार शिनोबु हाशिमोतो काहीच हाताला लागू देत नाहीत. ‘राशोमोन’, ‘सेव्हन सामुराई’, ‘हाराकिरी’ लिहिणारे हाशिमोतो; त्यांना माणसाच्या मनाचा तळ दाखवता येत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांनी तो मुद्दाम झाकून ठेवला आहे. र्युनोसुकेचा आजारी बाप मुलाच्या तलवारीत काहीतरी क्रूर शिरलंय एवढं जाणतो, त्याला अडवू पाहतो, पण त्यालाही कारण सांगता येत नाही.

मग एकामागून एक प्रसंग येतात. मितके देवस्थानातल्या सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याची बायको ओहामा र्युनोसुकेकडे येते. तुम्ही हरा, माझ्या नवऱ्याचं आयुष्य या सामन्यावर आहे, असं विनवते. तो तिची अब्रू मागतो. नवऱ्याला कळतं, तो तिला सोडतो आणि संतापून सामन्यात उतरतो. र्युनोसुके लाकडी तलवारीच्या एका फटक्यात त्याला मारतो. परतीच्या धुकाळ वाटेवर मेलेल्याच्या गुरुकुलाचे लोक दबा धरून बसलेले असतात. तो चालत राहतो, ते पडत राहतात. ओहामा त्याच्याबरोबर एदोला जाते, तिला मूल होतं. पुढे एका रात्री ती त्याच्यावर सुरा उगारते आणि त्याच्याच हातून मरते. मूल तिथेच राहतं.

हा चित्रपट मी नोएडातल्या घरी, जानेवारीत पाहिला. बाहेर यमुनेकाठचं धुकं इतकं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. त्या खिंडीतल्या म्हाताऱ्याची गाठ पडल्यावर मला दिल्लीचा एक म्हातारा आठवला आणि त्यानं पिच्छा सोडला नाही. मराठी शाळांत तो शिकवत नाहीत. मला वाटतं, शिकवायला हवा.

बहादूरशहा जफर मार्गावर क्रिकेटच्या मैदानाला लागून फिरोजशहा कोटला आहे. फिरोजशहा तुघलकानं १३५४ मध्ये बांधलेला किल्ला, त्यात टोपऱ्याहून आणून उभा केलेला अशोकाचा स्तंभ. यमुना तेव्हा भिंतीला लागून वाहायची. १७५९ च्या नोव्हेंबरमध्ये लाल किल्ल्यात दुसरा आलमगीर बादशहा होता. वय साठ. शाहजादा म्हणून त्याचं बहुतेक आयुष्य नजरकैदेत गेलेलं. पंचावन्नाव्या वर्षी त्याला बाहेर काढून तख्तावर बसवलं होतं. नमाज, ग्रंथवाचन आणि फकिरांचा सहवास, एवढ्यात त्याचा जीव रमायचा. त्याची ही ओढ त्याच्या वजिराला ठाऊक होती. २९ नोव्हेंबरला बादशहाला निरोप आला की कोटल्यात एक मोठा अवलिया उतरला आहे, दर्शन घेण्याजोगा. बादशहा निघाला. कोटल्यात पोचल्यावर त्याच्याबरोबरच्या माणसांना बाजूला काढलं गेलं आणि आत त्याला खंजिरांनी भोसकलं. प्रेत खाली नदीच्या वाळूत टाकून दिलं. नंतर त्याला हुमायूनच्या मकबऱ्यात पुरलं.

दुआ मागायला गेलेला म्हातारा दुआ मागण्याच्याच जागी मारला गेला. जपानी चित्रपटाच्या पहिल्या पाच मिनिटांत मला हेच दिसलं होतं.

कोटल्यात गुरुवारी जायला हवं. गुरुवारी तिथे जिनांकडे फिर्याद घेऊन लोक येतात. तळघरांच्या भिंती मेणबत्त्यांच्या काजळीनं काळ्याकुट्ट झालेल्या आहेत. गुलाबाच्या पाकळ्या, उदबत्त्या, दुधाच्या वाट्या, आणि भिंतींच्या फटींत खोचलेले अर्ज. अर्ज म्हणजे खरोखरचे अर्ज: नाव, पत्ता, पासपोर्ट फोटो, खाली मागणं. मुलाची नोकरी, मुलीचं सासर, कोर्टातली तारीख, पोटातली गाठ. काहीजण एकाच अर्जाच्या झेरॉक्स काढून प्रत्येक खोलीत एकेक ठेवतात, दरबारात जसं प्रत्येक खात्याला कळवावं तसं. हिंदूही येतात, मुसलमानही. एका बाईनं मला विचारलं, “बेटी, अर्ज़ी लाई हो?” मी नाही म्हटल्यावर तिनं स्वतःच्या पिशवीतून कोरा कागद काढून माझ्या हातात दिला. मी त्यावर काय लिहिलं ते इथे सांगत नाही. पण त्या तळघरात उभी असताना मला समजलं की बादशहा इथे का आला असेल. सत्ता नावापुरती, वजीर उशाशी बसलेला, उत्तरेकडून अब्दाली येतोय. अशा माणसानं अर्ज कुठे द्यायचा?

वजीर म्हणजे गाझिउद्दीन इमाद-उल-मुल्क. निजाम-उल-मुल्काचा नातू. वजीर झाला तेव्हा अठरा वर्षांचा असेल, कोटल्याच्या खुनाच्या वेळी तेवीस-चोवीसचा. हुशार, उत्तम शिकलेला, स्वतः शेर लिहिणारा. आपल्या आधीच्या बादशहाला, अहमदशहाला, त्यानं १७५४ मध्ये तख्तावरून उतरवून त्याचे डोळे काढले, त्याच्या आईचेही. काश्मिरी गेटच्या बसस्थानकाजवळ कुदसिया बाग आहे ना, जिथे सकाळी लोक फिरायला जातात, ती या आईची बाग. कोटल्याच्या खुनानंतर लगेच त्यानं माजी वजीर इंतिजामउद्दौला यालाही मारलं. तो त्याचा मामा होता.

इमादकडे कारण नव्हतं असं म्हणता येणार नाही. बादशहा अब्दालीशी आणि नजीबखान रोहिल्याशी आतून पत्रव्यवहार करतोय, अब्दाली आला की आपली वजिरी जाणार, असा त्याला संशय होता. कारण सापडलं. पण वाळूत पडलेल्या त्या देहाकडे पाहताना त्या कारणाचा मला काहीच उपयोग होत नाही. मग र्युनोसुकेच्या चेहऱ्यावर कारण शोधणं मी सोडून दिलं आणि चित्रपट पुन्हा पाहिला. या वेळी त्याच्या आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं.

र्युनोसुके एदोत येतो तेव्हा त्याला काम मिळतं. कोण देतं? सेरिझावा कामो आणि त्याचे साथीदार. इतिहासात प्रत्यक्ष होऊन गेलेली ही माणसं. पुढे क्योतोत शोगुनच्या बाजूनं रस्त्यांवर रक्त सांडणारं शिन्सेनगुमी हे दल यांच्यातूनच उभं राहिलं. त्यांच्याकडे निष्ठा आहे, राजकारण आहे, देशाचं काय व्हावं याचे आराखडे आहेत. र्युनोसुकेला यातलं काहीही नको आहे, आणि म्हणूनच तो त्यांच्या कामाचा. त्याला कुणाला मारायचं ते सांगितलं की पुरे. या माणसांना त्याच्याजवळ बसून दारू पिताना अस्वस्थ वाटतं, ते त्याच्याकडे तिरक्या नजरेनं पाहतात, पण त्याला सोडत नाहीत. पहिल्यांदा पाहताना माझं लक्ष नाकादाईच्या डोळ्यांवर खिळलं होतं, त्यामुळे हे सगळं निसटलं होतं. आता मला वाटतं, ओकामोतो यांना तेच दाखवायचं होतं. १९२४ साली जन्मलेल्या आणि महायुद्धात सैन्यात भरती झालेल्या या दिग्दर्शकाला निष्ठेच्या नावाखाली तलवार कुणाच्या हाती दिली जाते हे पुस्तकांतून शिकावं लागलं नव्हतं.

आणि इमादला काम कुणी दिलं? इथे आपण येतो.

१७५४ च्या मे महिन्यात अहमदशहा बादशहाची छावणी सिकंदराबादेत होती. आजच्या बुलंदशहर जिल्ह्यातलं गाव. ग्रेटर नोएडातून निघालं की तासाभराच्या आत लागतं. मल्हारराव होळकरांनी त्या छावणीवर रात्री अचानक छापा घातला. बादशहा आईला घेऊन दिल्लीकडे पळाला, जनानखान्यातल्या कितीतरी बायका मागे राहिल्या. काही दिवसांतच मराठी फौजेच्या जोरावर इमाद वजीर झाला, आलमगीर बादशहा झाला, आणि आधीच्या बादशहाचे डोळे गेले. १७५७ मध्ये अब्दाली दिल्ली लुटून परत गेल्यावर इमादनं पुन्हा मराठ्यांना बोलावलं. रघुनाथराव आणि मल्हारराव आले, नजीबखानाला दिल्लीतून काढलं, इमादची वजिरी शाबूत राहिली. मराठ्यांना त्यात पैसा हवा होता, सुभे हवे होते, दिल्लीत आपल्या शब्दाला मान हवा होता. राज्यं अशीच चालतात, त्या काळच्या कुठल्याही दरबारात हेच चाललं होतं, हे मला कळतं. तरीही अटकेपर्यंत झेंडे नेल्याचं आपण ज्या अभिमानानं सांगतो, त्याच मोहिमांच्या वाटेत हा पोरगा आपण वजिरीवर बसवला आणि टिकवला, हेही आपल्याच कथेत आहे. कोटल्यातला म्हातारा मराठी इतिहासाबाहेरचा नाही.

चित्रपटात एक माणूस असा आहे की ज्याच्याकडे पाहून आपल्याला हायसं वाटतं. शिमादा तोरानोसुके, तलवारीचा गुरू. ही भूमिका तोशिरो मिफुने यांची. बर्फ पडत असलेल्या रात्री सेरिझावाचे मारेकरी दुसऱ्याच कुणाची समजून त्यांची पालखी अडवतात. मिफुने बाहेर येतात आणि एकेक करून सगळ्यांना खाली पाडतात. त्यात फुशारकी नाही, घाईही नाही. प्रत्येक वारात या वाया गेलेल्या आयुष्यांबद्दलची चीड दिसते. शेवटी पायाशी पडलेल्या एका मारेकऱ्याला ते ऐकवतात की तलवार म्हणजे मन, मनात वाईट असलं की तलवारही वाईटच. हे सगळं र्युनोसुके काही पावलांवर उभा राहून पाहतो. तलवार हातात, पण तो पाय पुढे टाकत नाही. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर भीती उमटते. जपानी चित्रपटांतल्या तलवारयुद्धांमध्ये या प्रसंगाच्या तोडीचा दुसरा मला माहीत नाही.

पण मिफुने निघून जातात. र्युनोसुकेला ते तिथेच सोडतात. सज्जन गुरू आपलं बोलणं बोलून बर्फातून चालू लागतो, आणि दुर्जन दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतो, त्याच धन्याकडे. मिफुने आता त्यालाही कापतील, अशी प्रेक्षक म्हणून आपली अपेक्षा असते. ‘सान्जुरो’मध्ये याच दोघांना समोरासमोर उभं करून कुरोसावांनी ती पुरी केली होती. ओकामोतो ती पुरी करत नाहीत.

कोटल्यातल्या खुनानंतर बेचाळीस दिवसांनी, १० जानेवारी १७६० ला, संक्रांतीच्या दिवशी दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले. त्यांच्या शेवटच्या उत्तराबद्दल मराठी माणसाला काही सांगावं लागत नाही. माझ्या वडिलांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं होतं की दिल्लीत राहायला आल्यावर मी आधी बुराडी कुठे आहे ते शोधलं. वजिराबादच्या पुढे आउटर रिंग रोडला लागून ती आता दाट वस्ती आहे: अरुंद गल्ल्या, ई-रिक्षा, वरून गेलेल्या विजेच्या तारांचे गुंते. नदी आता दूर सरकली आहे. जगतपूरच्या बाजूला काठाला थोडी मोकळी जमीन आणि उंच गवत उरलं आहे, तिथे उभं राहिलं की त्या दिवसाचा थोडासा अंदाज येतो. तेव्हा नदीच्या पात्रात पुरुषभर उंचीची झुडपं माजली होती. त्यांच्या आडून नजीबखानाचे रोहिले बंदुका घेऊन पार झाले. मराठी घोडदळाला समोर शत्रूच दिसत नव्हता. भाले आणि तलवारी हातात, आणि झुडपांतून गोळ्या. दत्ताजींना गोळी लागली, जनकोजीही जखमी झाला. पडलेल्या दत्ताजींना नजीबच्या बाजूच्या कुत्बशाहानं विचारलं आणि त्यांनी ते उत्तर दिलं. तलवार बाहेर निघाली ती शेवटी, डोकं कापायला.

कुत्बशाहाला कारण होतं. शुक्रतालला दत्ताजींनी नजीबला महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं होतं, त्याचा डूख त्यात होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याला सदाशिवरावभाऊंच्या फौजेनं कुत्बशाहाला पकडलं आणि त्याचंही डोकं कापलं. खातं मिटलं, असं बखरींपासून कादंबऱ्यांपर्यंत सगळीकडे वाचताना वाटतं, आणि ते वाटण्यात काही वावगं नाही. दत्ताजी मला आजही माझे वाटतात.

दत्ताजी बुराडीच्या झुडपांत पडले त्याच सुमारास इमाद दिल्लीतून निसटून सूरजमल जाटाच्या आश्रयाला गेला. काही महिन्यांनी भाऊसाहेब उत्तरेत आले, तेव्हा सूरजमलाबरोबर तोही त्यांच्या भेटीला आला, आपल्याला पुन्हा वजिरी मिळेल या आशेनं. मराठी छावणीत त्याला येऊ दिलं गेलं, बसवलं गेलं. त्याच्या खात्यात कुणी काही मांडलं नाही.

चित्रपटाचा शेवट क्योतोच्या शिमाबारा या कलावंतिणींच्या वस्तीत आहे. रात्र, पाऊस, एका जुन्या माडीवर र्युनोसुके एकटाच बसलेला. जवळ येते ती ओमात्सु, खिंडीतल्या त्या म्हाताऱ्याची नात. बोलता बोलता ती आजोबांबद्दल सांगते आणि त्या माणसाच्या आत काहीतरी फुटतं. पडद्यांच्या मागे सावल्या हलतात, मेलेल्यांचे आवाज येतात, आणि तो बांबूचे पडदे, भिंती, खांब, सगळं कापत सुटतो. मग त्याचेच साथीदार त्याच्यावर चालून येतात. आता मात्र निःशब्द पवित्रा उरलेला नाही. तो रक्तानं माखलेला, लंगडत, हसत, कापत राहतो. चारी बाजूंनी माणसं येतच राहतात. एका वाराच्या मधोमध, त्याचा चेहरा आपल्याकडे वळलेला असताना, चित्र गोठतं. तो मरत नाही. ओहामाच्या नवऱ्याचा भाऊ ह्योमा सूड घ्यायची तयारी करत चित्रपटभर वावरत असतो. तो या खोलीपर्यंत पोचतच नाही. पुढचे भाग निघायचे होते म्हणून असं झालं, ते निघाले नाहीत, एवढंच त्यामागचं व्यवहारातलं कारण. पण मूळ कादंबरी तरी कुठे संपली? कायझान नाकाझातो यांनी ती १९१३ मध्ये मियाको शिम्बुन या वर्तमानपत्रात सुरू केली आणि १९४१ पर्यंत लिहीत राहिले. युद्धाला विरोध असलेला, बौद्ध विचारात बुडालेला लेखक. त्यांनी कादंबरीत र्युनोसुकेला आंधळं केलं, गावोगाव भटकवलं, पण १९४४ मध्ये ते स्वतः वारले तोवर त्यांच्याच्यानं त्याला संपवता आलं नाही. लिहिताना त्यांना काय वाटत असेल याचा मी पुष्कळ विचार करते. एका माणसाला एवढी वर्षं जवळ बाळगणं, त्याच्याबरोबर म्हातारं होत जाणं, आणि त्याला शिक्षा द्यावी तर ती कुठली, हेच न ठरणं.

इमाद-उल-मुल्काचंही असंच झालं. पानिपत झालं, नजीब दिल्लीचा धनी झाला, मारलेल्या आलमगीराचा मुलगा शाहआलम महादजी शिंद्यांच्या आधारानं १७७२ मध्ये दिल्लीत परतला. या सगळ्यात इमाद कुठेच नव्हता आणि कुठेतरी होताच. त्याची बेगम गन्ना, उर्दूत लिहिणारी कवयित्री, १७७५ च्या सुमारास वारली. तिची कबर ग्वाल्हेरजवळच्या नूराबादला आहे. इमाद भटकत राहिला. मध्येच सुरतेत सापडला, मक्केला जाऊन आला, शेर लिहीत राहिला. शेवटी काल्पीला येऊन टेकला. काल्पी तेव्हा मराठ्यांच्याच अमलाखाली होती. १८०० साली तो तिथे वारला. तेव्हा तो चौसष्टच्या आसपासचा असेल, कोटल्यात मारलेल्या बादशहाहूनही वयानं मोठा.